रिप्लाय, आन्सर की रिव्हर्ट?

तुमचा प्रश्न असा की, ‘आय विल रिप्लाय यू टुमारो’ या वाक्यात सहकाऱ्याने चूक काढली ती बरोबर आहे का, आणि त्याने सुचवलेलं ‘आय विल रिव्हर्ट’ घ्यावं का. चूक त्याने बरोबर पकडली. सुचवलेला शब्द मात्र घेऊ नका.

आपण म्हणतो ‘मी तुला उत्तर देईन’. तो ‘ला’ शब्दालाच चिकटलेला असतो, म्हणून इंग्रजी लिहिताना त्याची वेगळी जागा ठेवायची राहून जाते. रिप्लायपुढे माणूस किंवा पत्र आलं की मध्ये ‘टू’ हवाच: रिप्लाय टू मी, रिप्लाय टू हिज लेटर. आन्सर क्रियापद असेल तर उलट: आन्सर मी, आन्सर द क्वेश्चन. तिथे ‘टू’ घातलात तर अर्थच पालटतो. ‘आय आन्सर टू हर’ म्हणजे माझ्या कामाबद्दल मी तिला जबाबदार. आपल्या ‘जबाबदार’मध्येही जबाब आहेच, त्यामुळे हे लगेच लक्षात राहतं.

फोन किंवा दारावरची बेल वाजली तर आन्सर. गणिताचं उत्तर तेही आन्सर. रिप्लाय म्हणजे समोरच्याच्या बोलण्या-लिहिण्यावर आपण परत काही बोलणं किंवा लिहिणं. ‘बघतोय, सोमवारी कळवतो’ एवढं लिहिलंत तरी रिप्लाय झाला, आन्सर अजून बाकी आहे. हा फरक मला फार मोलाचा वाटतो, कारण ऑफिसातली निम्मी चिडचिड ‘अहो, मी रिप्लाय दिला होता ना!’ यातूनच होते.

रिप्लाय या शब्दाचं मूळ लॅटिन, अर्थ उलट घडी घालणे. पोस्टाचं जोडकार्ड ज्यांनी वापरलंय त्यांना हे चटकन कळेल. दोन कार्डं जोडून घडी घातलेली, एकावर आपला मजकूर, दुसरं उत्तरासाठी कोरं, त्याचेही पैसे आधीच भरलेले.

आता रिव्हर्ट. याचा मूळ अर्थ पूर्वीच्या स्थितीला परत जाणे. ‘उत्तर देणे’ हा अर्थ भारतातल्या आणि सिंगापूर-मलेशियाकडच्या इंग्रजीत रुळलाय, त्यामुळे आपसात लिहिलं तर मी कोणाला अडवत नाही. पण आमच्या टीममधल्या एका मुलीने लंडनच्या ग्राहकाला लिहिलं, ‘वी विल रिव्हर्ट ऑन द न्यू बिलिंग स्क्रीन बाय मंडे’. तिला म्हणायचं होतं, सोमवारपर्यंत कळवतो. सॉफ्टवेअरमध्ये रिव्हर्ट म्हणजे केलेला बदल मागे घेणे. ग्राहकाला वाटलं नवीन स्क्रीन काढून जुनी बसवणार, आणि त्याने पुढची चाचणीच थांबवली. दोन दिवस गेले. ती बिचारी रडवेली झाली होती, आणि चूक तिची एकटीची नव्हती. आम्ही सगळे वर्षानुवर्षं तेच लिहीत होतो. ‘रिव्हर्ट बॅक’ तर कुठेच नको, ‘परत’ त्या शब्दातच आहे.

तुमचं वाक्य ‘आय विल रिप्लाय टू यू टुमारो’ असं केलंत की शुद्ध झालं. मी असतो तर ‘आय विल रिप्लाय बाय टुमारो ईव्हनिंग’ लिहिलं असतं. कोणाला ते मेलवरूनच दिसतं, कधीपर्यंत ते मात्र सांगावं लागतं.