स्पीच थेरपी मागताना: तोंडी बोलू नकोस, लिहून दे

अगं सगळ्यात आधी, पोराच्या स्पीच थेरपीसाठी टीचरशी गेटवर बोललीस ते अमेरिकेतल्या शाळेत बऱ्याचदा धरत नाहीत, इव्हॅल्युएशन (तपासणी) हवंय असा दोन ओळींचा ईमेल टाक आणि तारीख जपून ठेव. तू कन्सेंटवर सही केलीस की आयडिया (IDEA, खास गरजा असलेल्या मुलांच्या शिक्षणाचा तिथला कायदा) कायद्याप्रमाणे ६० दिवसांत तपासणी व्हायला हवी (काही स्टेट्सची मुदत वेगळी असते, तुझ्या स्टेटची बघून घे).

दुसरं म्हणजे "घरी मराठी बोलता म्हणून गोंधळतोय" असं कोणीतरी म्हणणारच, आम्हालाही म्हणाले आणि मी येडी सहा महिने घरी इंग्लिश झाडत बसले, आजीशी बोलणंच बंद झालं पोराचं. दोन भाषांनी स्पीच डिले होत नाही गं. उलट टेस्टिंग मुलाच्या भाषेतही व्हावं असं कायदाच सांगतो, इंटरप्रिटर माग. आपल्याकडे मराठीत ळ, ण नीट येतात का तेही त्यांना सांग, त्यांना कुठून कळणार!

मार्क्स चांगले आहेत म्हणून थेरपी नाही, हे कारण चालत नाही. नाही म्हणाले तर प्रायर रिटन नोटिस माग, म्हणजे कारण लेखी द्यावं लागतं. रिपोर्ट पटला नाही तर शाळेच्या खर्चाने बाहेरून तपासणी मागता येते.

आणि आयइपीत (IEP, शाळा मुलासाठी बनवते तो लेखी प्लॅन) नुसतं "स्पीच सर्व्हिस" नको, आठवड्याला किती मिनिटं, एकट्याला का ग्रुपमध्ये, ते लिहून घे. आमच्याकडे ३० मिनिटं पाच पोरांत वाटली जायची, वर्षभर कळलंच नाही. मीटिंगला नवऱ्याला ने, नोट्स काढायला तरी.