भ्या वाटतंय तर तेच लिही की

मोठं व्हायची हाव नि त्याचं भ्या, दोन्ही गाण्यात आणायचं म्हणतोस, तर "मला मोठं व्हायचंय" असं सरळ लिहू नको लेका, कोण ऐकतंय ते. त्यापेक्षा बेळगाव स्टँडवर रात्री पुण्याची बस लागलीय, तिकीट खिशात आहे आणि पाय उचलंना, हे लिही की, त्यात तुझी हाव पण आली नि भ्या पण. भीती अंतऱ्यात खालच्या सुरात ठेव, बोलल्यासारखी, शब्द दाटीनं, आणि मुखड्याला सूर वर चढवून एकच ओळ लांब ओढ, ऐकणाऱ्याला सुटल्यासारखं वाटतंय बघ. कॉर्ड चार पुरे. ओघात कन्नड शब्द आला तर राहू दे, बोलतोच की आपण तसं. एवढे मोठे गायक कुमार गंधर्व आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीचे म्हणून दडपण घेऊ नको (लोक उगाच घेतात). डेमो मोबाईलवरच कर, रिलीजआधी तेवढं आयपीआरएस ह्या गाण्याच्या हक्कांच्या संस्थेचं बघून ठेव, गीतकाराच्या रॉयल्टीचं काम तिथं असतंय.