आबांविषयी इंग्रजीत लिहिताना

चिरंजीव सायलीस,
अनेक आशीर्वाद.

आबांवर शाळेसाठी लिहिलेल्या निबंधात तुझ्या बाईंनी 'एक्सपायर्ड' या शब्दाखाली रेघ मारली. अंबाजोगाईत सगळे हाच शब्द वापरतात, मग इथे तो का चालत नाही, आणि नुसते 'डाइड' लिहिले तर आबांचा अपमान होणार नाही का, असे तू विचारले आहेस. प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

मरणाचा थेट उच्चार आपल्या माणसांच्या जिवावर येतो, त्यामुळे दवाखान्याच्या दारात किंवा फोनवर बातमी सांगताना 'एक्सपायर झाले' हे शब्द सहज तोंडी येतात. त्यात कोणाचाही अनादर नसतो. इंग्लंडमध्ये मात्र रोजच्या बोलण्यात हा शब्द पासपोर्टला आणि औषधाच्या बाटलीला लागतो, म्हणून माणसाबद्दल तो वाचताना खटकतो. बाईंचे बरोबर आहे.

अपमानाची शंका तुला आली, ती तुझा कान मराठी असल्यामुळे. आपल्याकडे आदर क्रियापदातच असतो; आबा 'वारले', आणि त्यांच्याविषयी कोणी 'वारला' म्हटले असते तर आजीने त्याला तिथेच अडवले असते. शिवाय मराठवाड्यात घराघराच्या श्रद्धेप्रमाणे शब्द बदलतो: कोणाकडे कैलासवासी, माळकऱ्यांकडे वैकुंठवासी, लिंगायत घरांत लिंगैक्य, बौद्ध घरांत कालकथित, मुसलमान शेजाऱ्यांकडे मरहूम. अंबाजोगाईचे मुकुंदराज 'वारले' असे कोणी म्हणत नाही, त्यांची समाधी आहे. आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे झाले ते महापरिनिर्वाण. आपण दुसऱ्याच्या घरातल्या माणसाविषयी बोलताना त्या घराचाच शब्द वापरावा, असे मला मनापासून वाटते.

इंग्रजीत क्रियापदाला असे आदरार्थी रूप नाही, पण म्हणून 'डाइड' हा शब्द उद्धट ठरत नाही. ८ सप्टेंबर २०२२ रोजी राणी एलिझाबेथ यांच्या निधनाची घोषणा राजवाड्याने केली, तीसुद्धा 'द क्वीन डाइड पीसफुली' याच साध्या शब्दांत. राणीला जो शब्द पुरला, तो आबांना निःशंकपणे वापर. 'पास्ड अवे' हा अधिक मऊ आहे. मैत्रिणीच्या घरी कोणी गेले आणि तू तिच्या आईला चार ओळी लिहिल्यास, तर तिथे तो शोभतो. 'डिसीज्ड' मात्र अर्जांसाठी आणि पोलिसांच्या कागदांसाठी राहू दे. भारतातल्या निधनवार्तांत 'लेफ्ट फॉर हेवनली अबोड' किंवा 'सॅड डिमाइज' असे येते, ते इथल्या वाचकाला अवजड वाटेल.

'लेट' या शब्दाबद्दल थोडे जपून राहा. 'माय लेट ग्रँडफादर' हे योग्य आहे. पण 'माय लेट ग्रँडफादर डाइड' असे लिहू नकोस, कारण त्यात एकच गोष्ट दोनदा सांगितली जाते. आपले 'कै.' शाळांच्या आणि वाचनालयांच्या पाट्यांवर पिढ्यान्‌पिढ्या टिकते, तर 'लेट' साधारणपणे अलीकडे गेलेल्या, आठवणीतल्या माणसांपुरताच असतो. शेक्सपिअरला कोणी 'द लेट शेक्सपिअर' म्हणत नाही.

तेव्हा निबंधात 'डाइड' लिही, आणि आदर पुढच्या वाक्यांत येऊ दे. आबा पहाटे उठून हरिपाठ म्हणत, ज्वारीच्या खळ्यावर आलेल्या प्रत्येकाला पदरात धान्य घातल्याशिवाय जाऊ देत नसत, हे तू लिहिलेस की वाचणाऱ्याला ते किती मोठे होते हे कळेल. मराठी वृत्तपत्रात 'त्यांच्या पश्चात पत्नी, मुले, सुना, नातवंडे असा परिवार आहे' असे छापतात, त्यासाठी इंग्रजीत 'ही इज सर्व्हाइव्ड बाय' आहे. त्यात आजीचे नाव सर्वांत आधी घाल.

आजीसाठी मराठी प्रत करशील, तेव्हा तेरवीच्या पत्रिकेवर होते तसेच आबांच्या नावाआधी 'वै.' लिही, कारण ते माळकरी होते.

तुझी,
आई