४८ व्या वर्षी चेहऱ्यासाठी बोटॉक्स, फिलर, लेझर यांपैकी काय करून घ्यावं?

ताई, तुम्ही लिहिलंय की वय ४८, पाळी बंद होऊन वर्ष झालं, दोन्ही गालांवर वांग आहेत, कपाळावर आठ्या पडतात आणि नाकाच्या कडेपासून ओठांपर्यंतच्या रेषा खोल झाल्या आहेत. मार्गशीर्षात मुलीचं लग्न आहे. इथल्याच एका सेंटरने बोटॉक्स, फिलर, लेझर आणि गोरेपणासाठी ग्लुटाथायोनची इंजेक्शनं असं सगळं मिळून पॅकेज सांगितलंय, आणि याच आठवड्यात पैसे भरले तर सूट आहे. घ्यावं का?

मी इंदूरमध्ये त्वचारोगतज्ज्ञ आहे. सवलतीसाठी घाई करून पैसे भरू नका. तुमच्या चेहऱ्यावर जे झालंय ते एक नाही, निदान तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. वांग हा रंगाचा प्रश्न आहे, आठ्या स्नायूंच्या आहेत आणि नाकाकडून उतरणाऱ्या रेषा गालाचा आतला भराव कमी झाल्याच्या आहेत. प्रत्येकाचं कारण वेगळं, त्यामुळे उपायही वेगळा. आधी कशाला हात घालायचा आणि कशाला नाही, हे चेहरा नीट पाहिल्यावरच ठरतं. दरपत्रकावरून ते ठरत नाही.

त्वचेला घट्टपणा देणारं कोलॅजन विशी-पंचविशीनंतर दरवर्षी थोडंथोडं कमी होत जातं. पाळी थांबली की इस्ट्रोजेन हे संप्रेरक उतरतं आणि हा वेग एकदम वाढतो. पाळी बंद झाल्यावरच्या पहिल्या पाच वर्षांत त्वचेतलं सुमारे ३० टक्के कोलॅजन जातं, असं अभ्यासांत दिसलं आहे. तुम्ही लिहिलंय, ‘वर्षभरात अचानक चेहरा उतरला.’ तो तुमचा भास नाही. झोप, काळजी, लग्नाची धावपळ यांचा वाटा असेलही, पण मुख्य कारण शरीरातलं आहे. यात तुमची काही हयगय झालेली नाही.

दुसरं कारण ऊन. २०१२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ६९ वर्षांच्या एका ट्रकचालकाचा फोटो छापून आला होता. २८ वर्षं तो गाडी चालवत होता. त्याच्या चेहऱ्याचा खिडकीकडचा डावा भाग दाट सुरकुत्यांनी भरलेला होता आणि उजवा भाग त्या मानाने बराच तरुण. माणूस तोच, वय तेच. उन्हात यूव्हीए आणि यूव्हीबी असे दोन प्रकारचे अतिनील किरण असतात. बाजूच्या काचेत यूव्हीबी किरण अडतात, यूव्हीए मात्र बरेचसे आत येतात आणि तेच खोलवर जाऊन कोलॅजन तोडतात. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे रोज कार चालवणाऱ्यांनी उजवा गाल आरशात नीट पाहावा. आणि इंदूरचं ऊन साधं नाही. कर्कवृत्त आपल्या उत्तरेला आहे, म्हणजे जून-जुलैत सूर्य अक्षरशः डोक्यावर येतो. ढग असले तरी यूव्हीएचा बराच भाग खाली पोचतो. आपल्याकडे मुली-बायका गाडीवर तोंडाला दुपट्टा गुंडाळून निघतात, ही चांगलीच सवय आहे. पण कापड विरळ विणीचं आणि फिक्या रंगाचं असेल तर किरण त्यातून जातात. दाट विणीचा, गडद रंगाचा सुती दुपट्टा घ्या आणि त्याच्या खाली सनस्क्रीनही लावा.

आता वांगांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण आपल्या त्वचेत खरी मेख इथे आहे. गोऱ्या कातडीत म्हातारपण आधी सुरकुत्यांनी दिसतं. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेत मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे सुरकुत्या उशिरा येतात, पण रंग आधी बिघडतो. आपल्याकडच्या बायकांचा चेहरा ‘वयस्क’ दिसतो तो पुष्कळदा डागांमुळे, आणि पैसे मात्र सुरकुत्यांवर खर्च होतात. बरं, प्रत्येक काळा डाग वांगच असतो असंही नाही. केसांना लावायचा काळा डाय आणि ‘काळी मेंदी’ यांत पीपीडी नावाचं रसायन असतं. ते सोसलं नाही तर कपाळाच्या कडेला, कानांसमोर राखाडी-काळपट रंग चढतो. टिकलीच्या गोंदामुळे कपाळाच्या मध्यभागी पांढरा डाग पडू शकतो. मान आणि गालांच्या कडा मखमली काळ्या झाल्या असतील तर ते उन्हाचं टॅन नसून बहुतेक वेळा शरीर इन्सुलिनला दाद देत नसल्याची खूण असते. तिथे क्रीम लावत बसण्यापेक्षा साखर तपासणं आणि वजन उतरवणं जास्त गरजेचं. डायचं कारण निघालं तर डाय बदलल्याशिवाय जगातलं कुठलंही लेझर उपयोगी पडत नाही.

तुम्ही लिहिलं नाहीये, पण मला विचारायचंच आहे: मेडिकलवरून घेतलेलं एखादं ‘गोरेपणाचं’ क्रीम चालू आहे का? ट्यूबवर मोमेटासोन, बीटामेथासोन किंवा क्लोबेटासॉल असं काही लिहिलंय का बघा. ही स्टेरॉइडं आहेत. पहिल्या दोन आठवड्यांत चेहरा उजळ, गुळगुळीत दिसतो आणि बाई खूश होते. काही महिन्यांत त्वचा पातळ पडते, लाल शिरा दिसायला लागतात, बारीक केस आणि पुटकुळ्या येतात आणि क्रीम थांबवलं की चेहरा पेटल्यासारखा होतो. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक क्रीम्स शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत, तरी गल्लोगल्ली मिळतात. माझ्याकडे डाग दाखवायला येणाऱ्या बायकांपैकी अनेकींचा मूळ त्रास या क्रीमने वाढवलेला असतो, आणि हे पाहून मला फार वाईट वाटतं, कारण ते टाळता आलं असतं. महिनोन्महिने लावत असाल तर एकदम बंद करू नका. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते उतरवावं लागतं. आणि बिनलेबलाची डबीतली क्रीम्स तर अजिबात नकोत, त्यांत पारा निघतो. २०२३ मध्ये केरळच्या मलप्पुरममध्ये अशा क्रीममुळे माणसांच्या किडन्या बिघडल्याचं उघड झालं.

वांगांसाठी पहिलं औषध म्हणजे सनस्क्रीन, तेही रंगाचं. वांग फक्त अतिनील किरणांनी वाढत नाहीत, डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही वाढतात, आणि तो अडवायला आयर्न ऑक्साइड लागतं. ते टिंटेड, म्हणजे त्वचेच्या रंगाच्या सनस्क्रीनमध्ये असतं. एसपीएफ ३० ते ५० पुरे. ३० चं सुमारे ९७ टक्के यूव्हीबी अडवतं, ५० चं ९८ टक्के, म्हणजे त्यापुढच्या आकड्यांचे पैसे फारसे वसूल होत नाहीत. किती लावता हे मात्र महत्त्वाचं. तर्जनी आणि मधल्या बोटावर पूर्ण लांबीच्या दोन रेघा, एवढं चेहऱ्याला आणि मानेला. बहुतेक जणी याच्या निम्मंही लावत नाहीत. बाहेर असाल तर दर दोन-तीन तासांनी पुन्हा.

रात्री ट्रेटिनॉइन. हे मुरमांचं औषध. पण ते लावणाऱ्यांच्या बारीक सुरकुत्या कमी होतात, हे १९८० च्या दशकात अमेरिकेत लक्षात आलं, आणि आज सुरकुत्यांवर सर्वांत जास्त पुरावा असलेलं लावायचं औषध हेच. ०.०२५ टक्क्यांपासून सुरुवात, आठवड्यातून दोन-तीन रात्री, वाटाण्याएवढं सगळ्या चेहऱ्याला मिळून, वरून मॉइश्चरायझर. पहिले काही आठवडे कातडी सुटते आणि थोडं चुणचुणतं. त्याला घाबरून सोडू नका, फक्त रात्री कमी करा. फरक दिसायला तीन-चार महिने लागतात, म्हणजे आत्ता सुरू केलंत तर मार्गशीर्षात दिसेल. मुलीला मात्र ही ट्यूब देऊ नका, लग्नानंतर मूल हवं असेल तर हे औषध चालत नाही. तुमच्या डागांवर ॲझेलाइक ॲसिड किंवा ठरावीक काळापुरतं हायड्रोक्विनोन द्यायचं की नाही ते डॉक्टर ठरवतील. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या वांगांवर चांगल्या चालतात, पण रक्ताच्या गुठळ्यांचा धोका असेल तर चालत नाहीत, म्हणून कुणाच्या सांगण्यावरून घेऊ नका.

आता पॅकेजमधल्या गोष्टी. बोटॉक्स तुमच्या कपाळाच्या आठ्यांना खरंच उपयोगी आहे. व्हँकुव्हरच्या नेत्रतज्ज्ञ जीन कॅरुथर्स पापण्या फडफडण्याच्या आजारावर हे इंजेक्शन देत होत्या. १९८७ मध्ये एका रुग्णाने भुवयांमधल्या आठ्याही गेल्याचं सांगितलं आणि तिथून हा वापर सुरू झाला. ते नसेकडून स्नायूला मिळणारा इशारा थांबवतं. तीन-चार दिवसांत सुरुवात, दोन आठवड्यांत पूर्ण परिणाम आणि तीन-चार महिन्यांत तो ओसरतो. म्हणून लग्नाच्या साधारण महिनाभर आधी करा. डोस कमी-जास्त वाटला किंवा एक भुवई चढली तर दुरुस्तीला वेळ राहतो. आरशात आठी घालून पाहा, मग चेहरा सैल सोडा. सैल सोडल्यावर रेषा जवळजवळ नाहीशी होत असेल तर बोटॉक्सचा फायदा उत्तम होईल. चेहरा शांत असतानाही ती कोरलेली राहत असेल तर ती फिकी होईल, पुसली जाणार नाही.

फिलर, म्हणजे त्वचेखाली टोचून भरायचं जेल, त्याबद्दल मी जास्त सावध असते. गालातली चरबी आणि त्याखालचं हाड वयाबरोबर कमी होतं, जुन्या गादीतला कापूस बसावा तसं, आणि वरची कातडी खाली येऊन नाकाजवळ घडी पडते. म्हणून चांगला डॉक्टर कित्येकदा त्या रेषेत न भरता गालाच्या वरच्या भागात थोडं भरतो. हायलुरॉनिक ॲसिडचंच फिलर घ्या, कारण नको असेल तर हायलुरॉनिडेझ नावाच्या एन्झाइमने ते विरघळवता येतं. फिलर चुकून रक्तवाहिनीत गेलं तर त्वचा मरू शकते, क्वचित दृष्टीही जाते. टोचल्यावर कातडी पांढरीफटक किंवा जाळीदार निळसर झाली, जोरात दुखलं किंवा अंधुक दिसलं तर एक मिनिट न घालवता सांगायचं. जिथे घेणार तिथे हायलुरॉनिडेझ त्या क्षणी हाताशी आहे का, हे आधीच विचारा. उत्तर देताना अडखळले तर उठून या.

लेझरला तुमच्या बाबतीत माझं आत्ता ‘नाही’ आहे. फ्रॅक्शनल सीओटू लेझर सुरकुत्यांवर, मुरमांच्या खड्ड्यांवर काम करतं, पण वांग असलेल्या गव्हाळ त्वचेत उष्णतेने डाग आणखी गडद होऊ शकतात आणि मग लग्नातल्या फोटोंमध्ये तेच दिसतील. सौम्य ग्लायकोलिक पील, म्हणजे ॲसिड लावून त्वचेचा वरचा थर हलकेच सोलणं, चालेल, क्रीम्सनी त्वचा दीड-दोन महिने तयार केल्यावर. दोन पीलमध्ये दोन-तीन आठवडे अंतर आणि शेवटचं पील लग्नाच्या तीन आठवडे आधी. (हेच काम कुणी फाल्गुनात करणार असेल तर रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, होऊन जाऊ द्यावी. पील केलेल्या चेहऱ्यावर तो रंग उडाला की डाग नक्की.) ग्लुटाथायोनची शिरेतली इंजेक्शनं घेऊ नका. त्वचा उजळवण्यासाठी त्यांना मान्यता नाही, उपयोगाचा पुरावा कच्चा आहे आणि किडनी-यकृताचे त्रास, ॲलर्जी नोंदवलेल्या आहेत.

कुणाकडून करून घ्यायचं, तर त्वचारोगात एमडी, डीएनबी किंवा डीडीव्हीएल असलेल्या, राज्याच्या मेडिकल कौन्सिलमध्ये नोंद असलेल्या डॉक्टरकडून किंवा प्लास्टिक सर्जनकडून. ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’ हा शब्द पाटीवर कुणीही लिहितं. बोटॉक्सची बाटली तुमच्यासमोर उघडायला लावा, बॅच नंबर आणि किती युनिट दिले ते लिहून घ्या. फिलरच्या सिरिंजचं स्टिकर तुमच्या फाइलला चिकटवून घ्या. खर्चाची अडचण असेल तर इंदूरच्या सरकारी एमवाय हॉस्पिटलच्या त्वचारोग ओपीडीत दाखवा. तिथे निदान आणि वांगांचे उपचार नीट होतात, आणि तुमच्या बाबतीत निम्म्याहून अधिक काम तेच आहे.

पहिल्या भेटीला जाल तेव्हा चेहरा साबणाने धुवून, मेकअप न लावता जा. घरात चेहऱ्याला लागणारी प्रत्येक ट्यूब, डबी, केसांचा डाय आणि टिकल्यांचं पाकीट एका पिशवीत घालून न्या, चालू असलेल्या गोळ्यांची चिठ्ठी न्या, आणि दहा वर्षांपूर्वीचा, अंगावर सरळ उजेड असलेला एखादा फोटो न्या. थायरॉइड आणि साखरेची तपासणी वर्षभरात झाली नसेल तर तीही करून घ्या.