इंजेक्शन वेचणीत राहिलं

‘ताई, सातवा महिना संपत आला. रक्तात गरमी निघाली म्हणून सिस्टरनं तीन इंजेक्शनं सांगितली. एक घेतलं, दुसरं वेचणीत राहिलं. देवाशपथ, मी कोणाच्या वाट्याले गेली नाही. हे म्हणते, मले तं काही होत नाही, तूच कुठून आणलं? रात्रभर डोळा लागत नाही. यांच्याकडून खरं कसं वदवून घेऊ? आन् सिझर केलं तं बाळाले होणार नाही ना?’
— एक बहीण, यवतमाळ जिल्हा

पोरी, नवऱ्यावर इतकं लिहिलंस आणि इंजेक्शनावर तीन शब्द. ‘दुसरं वेचणीत राहिलं.’ जणू दळण आणायचं राहिलं! माझा जीव तिथेच अडकला.

तुझी चूक नाही, मान्य. पण गरमीच्या, म्हणजे संबंधातून लागणाऱ्या सिफिलिसच्या, जंतूला त्याचं काय?

सिझरचं आधी डोक्यातून काढ. परम्याचा, म्हणजे गनोरियाचा, जंतू बाहेर येताना बाळाच्या डोळ्यांत जातो. हर्पीसचे फोड वाटेवर असतील, तर सिझर कामी येतं. गरमी मात्र वाट बघत बसत नाही. ती वारेतून पोटातच बाळाच्या रक्तात उतरते. मग कधी बाळ आतच दगावतं, कधी दिवस भरायच्या आधी होतं. कधी जन्मताना गुटगुटीत दिसतं आणि हाडं, कान, डोळे यांचं दुखणं मागाहून वर येतं.

तुझं ते इंजेक्शन बेंझाथीन पेनिसिलिनचं आहे. २४ लाख युनिट, आठवड्याला एक, असे ३ वेळा. लागण नुकतीच झाली हे नक्की असतं, तर एकातही भागलं असतं. कधीची ते कळत नाही, म्हणून तीन. तुझ्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे, बाई. गरमी वर्षानुवर्षं अंगात गपचूप राहते आणि कोणी कोणाला दिली हे रक्ताचा रिपोर्ट सांगत नाही. वदवून घेऊन करशील काय? ते भांडण बाळंतपणानंतर काढ, मी तुझ्या बाजूनं उभी राहीन.

गरोदरपणात मधलं इंजेक्शन चुकलं की तिन्ही पहिल्यापासून घ्यावी लागतात, आणि ती बाळंतपणाच्या किमान ३० दिवस आधी सुरू झालेली हवीत. आता बोटं मोज. दिवस भरायच्या आधीच कळा आल्या तर? गावातल्या डॉक्टरच्या कॅप्सुलांवर भागवू नकोस. पोटातल्या बाळापर्यंत खात्रीनं पोचतं ते पेनिसिलिनच.

आणि ‘मले काही होत नाही’ म्हणणारे तुझे हे! गरमी असून कित्येकांना काहीच होत नाही. त्यांनी रक्त तपासून इंजेक्शन घेतलं नाही, तर तुझी तिन्ही फुकट, पुन्हा लागेल. तोवर अंथरूण वेगळं. इथे मी ऐकून घेणार नाही, त्यांचंही नाही आणि तुझंही नाही.

उद्या सकाळी गरोदरपणाचं कार्ड घे, त्यांच्या गाडीवर मागे बस आणि दवाखाना गाठ. दुसरं चुकलं हे सिस्टरला सरळ सांग. ओरडेल, ओरडू दे. दोघांचंही तिथेच होऊ दे, आणि बाळ झाल्यावर त्याचंही रक्त तपासायला आत्ताच सांगून ठेव. कापसाची बोंडं चार दिवस झाडावर राहिली तर राहू देत. उद्या वेचायला सासू एकटी जाईल.