परदेशातून ग्राफिक्स कार्ड मागवायचं का? आधी हिशेब नीट मांडू

दुसऱ्या वर्षाला आहेस म्हणतोस, म्हणून सरळ ‘तू’ म्हणतो. तुझा प्रश्न असा: अमेरिकेतल्या दुकानाच्या साइटवर जे ग्राफिक्स कार्ड ५५० डॉलरला दिसतं, त्याचे पणजीतला दुकानदार ६१,५०० रुपये सांगतो. डॉलर ८५ ला धरून तू ४६,७५० काढलेस, आणि जवळजवळ १५ हजार वाचतात म्हणून म्हापशात बसून खूश आहेस. शिवाय चवथीला दुबईहून मावसभाऊ यायचा आहे, तो दुसरा मार्ग.

१५ हजार वाचत नाहीत रे. कुठे जातात ते बघ.

अमेरिकेत साइटवरची किंमत विक्रीकर सोडून लिहितात. आपल्याकडे दुकानदार सांगतो त्या भावात १८ टक्के जीएसटी आधीच असतो. ६१,५०० मधला कर बाजूला काढ, ५२,१०० च्या आसपास उरतात. म्हणजे खरी तुलना ४६,७५० आणि ५२,१०० ची. तुझे १५ हजार इथेच पाच-साडेपाच हजारांवर आले, आणि पार्सल अजून तिकडून हललेलंही नाही.

आता ते हलवू. भाडं ४० डॉलर, म्हणजे ३,४०० रुपये धर. कस्टम्सवाले कर लावताना माल, भाडं आणि विमा असं सगळं मिळून किंमत धरतात. विमा सोडला तरी ५०,१५० झाले. कॉम्प्युटरच्या सुट्या भागांवर मूळ सीमाशुल्क शून्य आहे (जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान कराराची पुण्याई, भारत त्यात १९९७ पासून आहे), पण १८ टक्के आयजीएसटी (बाहेरून येणाऱ्या मालावरचा जीएसटी) सुटत नाही: ९,०२७. क्रेडिट कार्डाने पैसे भरलेस की बँक परकी चलनाचा आकार लावते, बऱ्याच कार्डांवर साडेतीन टक्के, आणि त्या आकारावर पुन्हा जीएसटी. ते झाले दोन हजार सत्तर. कुरिअरवाला तुझ्या वतीने कर भरतो त्याची हमाली वेगळी, हजारभर समज. बेरीज कर: ६२ हजारांच्या वर. पणजीवाला स्वस्त पडला!

हे सगळं सुरळीत झालं तर. सीमाशुल्काच्या यादीत वैयक्तिक वापरासाठी मागवलेल्या वस्तूंचं ९८०४ हे वेगळं शीर्षक आहे. कुरिअरवाल्याने कागद भरताना तुझं कार्ड ८४७३ या सुट्या भागांच्या शीर्षकाऐवजी तिकडे ढकललं, तर मूळ शुल्कही लागतं आणि बिल बघून डोकं गरगरतं. मागवायचंच असेल तर कुरिअरवाल्यांची केवायसीची (ओळख पटवायची) मेल आल्याबरोबर मूळ बिल आणि वस्तूचं नेमकं वर्णन त्यांना पाठव, आणि कुठल्या शीर्षकाखाली सोडवताय ते लेखी विचार. पार्सल बहुधा मुंबईत नाहीतर दिल्लीत सुटतं. एकदा कर भरला गेला की इथून फोनवर भांडून काही होत नाही.

‘गिफ्ट म्हणून पाठवतो’ म्हणणारा विक्रेता भेटला तर त्याला नमस्कार कर. डिसेंबर २०१९ पासून राखी आणि जीवरक्षक औषधं सोडून भेटवस्तूंची ती करमाफी गेली.

माझ्या अंगाशी आलेलं सांगतो. काही वर्षांपूर्वी एका परदेशी दुकानातून मी छोट्या आकाराचा मदरबोर्ड मागवला, इथे मिळत नव्हता म्हणून. जून महिना, फोंड्यातला पाऊस, खोका बाहेरून चिंब, पण आत कोरडा. हुश्श म्हटलं. मग प्रोसेसर बसतो त्या सॉकेटवरचं झाकण काढून मोबाइलचा टॉर्च तिरका धरला. पिनांची रांग अशी चमकत होती, आणि एका कोपऱ्यात दोन पिना आडव्या, वाऱ्याने भात लोळावं तशा. दुकानदार म्हणाला परत पाठवा, भाडं तुमचं. ते भाडं बोर्डाच्या निम्म्या किमतीला जात होतं, आणि इथे भरलेला कर सोडवायला कोण धावणार? शेवटी ०.५ मिलिमीटरच्या, खटका दाबायच्या पेन्सिलीतलं शिसं काढलं, तिचं पोकळ टोक पिनेवर चढवलं आणि श्वास रोखून दोन्ही उभ्या केल्या. बोर्ड चालला. रॅमचा एक खाचा मात्र आजतागायत मेलेला आहे.

वॉरंटीचा खर्च म्हणजे हा असा असतो. ग्राफिक्स कार्डाची वॉरंटी बहुतेकदा विकलेल्या देशापुरती असते. काही कंपन्या अनुक्रमांकावर कुठेही देतात. घेण्यापूर्वी त्यांच्या इथल्या सेवा केंद्राला तो नियम विचार, विक्रेत्याला नको.

आता दुबई. आपल्या गोव्यात हे नवं थोडंच आहे, प्रत्येक वाड्यावर एक तारवटी (बोटीवर नोकरी करणारा) आणि एक गल्फवाला असतोच. बर दुबईत खालिद बिन अल वलीद रस्त्याला ‘कॉम्प्युटर स्ट्रीट’ म्हणतात, तिथे भाव करता येतो. व्हॅट पाच टक्केच. तो विमानतळावर परत मिळतो असं कोणी सांगेल, पण ती सोय पर्यटकांना आहे, तिथे राहणाऱ्या तुझ्या भावाला नाही. भारतात उतरताना सामानावर करमाफीची मर्यादा असते. २०१६ च्या नियमांत ती ५० हजार होती, भाऊ येईल तेव्हाचा आकडा त्याला बघायला सांग. तीत मावशीचं अत्तर, मुलांचे बूट, चॉकलेटं सगळं मोजतात, आणि दोन प्रवाशांच्या सवलती एका वस्तूसाठी जोडता येत नाहीत. लॅपटॉप एक वेगळा सुटतो, अठरा पूर्ण असलेल्याला. ग्राफिक्स कार्ड म्हणजे लॅपटॉप नव्हे, हे काउंटरवर हुज्जत घालून कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. मर्यादा ओलांडली तर विमानतळावर लाल मार्गाने (कर लागणारा माल असलेल्यांच्या) जायचं आणि बिल दाखवायचं.

मी दुबईहून काय आणवतो? एसएसडी (फायली साठवायचा भाग), रॅम, फार तर प्रोसेसर. खिशात मावतं, मोडत नाही, आणि रॅमची वॉरंटी बऱ्याच कंपन्या जगभर पाळतात. मॉनिटर, कॅबिनेट (सगळे भाग बसतात तो डबा), पॉवर सप्लाय कधीच नाही: वजन जास्त, आणि केबलला तो ब्रिटिश चौकोनी प्लग.

तेव्हा कार्ड पणजीतूनच घे. त्याला ६०,००० म्हण, रोख नको, बिल पक्कं घे. एसएसडी नि रॅमची यादी भावाला आत्ताच पाठव, चवथीच्या तोंडावर त्याला बाजार फिरायला सवड मिळणार नाही. आणि टेप घेऊन कॅबिनेटच्या आतली लांबी मोज. तू लिहिलेलं मॉडेल तीन पंख्यांचं आहे, पुढचा पंखा काढल्याशिवाय ते बसेल असं फोटोवरून तरी मला वाटत नाही.