४७ नंबरपासून सुरुवात कर

प्रिय मित्रा,

हलती ग्राफिक्स बनवायच्या आफ्टर इफेक्ट्स या सॉफ्टवेअरमधली तुझी फाइल काल रात्री उघडली. ४७ लेयर्स, आणि त्यातल्या निम्म्यांचं नाव ‘शेप लेयर’, पुढे नुसता आकडा. नावांवरून बोलणार नाही, माझ्या जुन्या फाइल्स तू पाहिल्या नाहीस म्हणून बरं. तुझ्या तक्रारी दोन. चक्र फिरतं तशी त्याची सावलीही गरगर फिरते. आणि पहिला फोटो विरून दुसरा येताना चित्र मधेच क्षणभर काळवंडतं. ‘सॉफ्टवेअरमध्ये काहीतरी बग आहे’, असं तू लिहिलंयस. बग नाही. तू जे सांगितलंस तेच ते इमानेइतबारे करतंय, आणि तू नेमकं काय सांगून बसलायस त्याचा तुला पत्ता नाही.

लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद, असं सगळ्यांना पहिल्या दिवशी शिकवतात. उपमा जुनी आहे. १९१४ च्या सुमारास अर्ल हर्ड यांनी पारदर्शक सेल्युलॉइडवर पात्रं काढून ती स्थिर पार्श्वभूमीवर ठेवायची पद्धत काढली, तेव्हा ते खरोखरचे थरच होते. पण तुझं घोडं याच उपमेपाशी अडलंय. कागद नुसता पडून असतो. लेयरचा मात्र खालच्या चित्रात मिसळण्याआधी स्वतःचा एक हिशेब पुरा व्हावा लागतो, आणि त्या हिशेबाला ठरलेला क्रम असतो.

आफ्टर इफेक्ट्समध्ये तो क्रम असा: आधी मास्क (लेयरचा कुठला भाग दिसायचा ते ठरवणारी आकृती), मग इफेक्ट, मग ट्रान्सफॉर्म, म्हणजे जागा, आकार, फिरणं वगैरे. टाइमलाइनमध्ये लेयरचा त्रिकोण उघडलास की साधारण याच क्रमाने या गोष्टी दिसतात. आता तुझं चक्र बघ. सावली पाडणारा ड्रॉप शॅडो हा इफेक्ट, म्हणजे तो आधी लागला. सावली चक्राला चिकटली आणि मग ती अख्खी जोडी फिरली. सावली फिरणार नाही तर काय करेल?

उपाय प्रीकॉम्पचा, म्हणजे लेयर एका वेगळ्या आतल्या कॉम्पोझिशनमध्ये ठेवून ते अख्खं बाहेर एकच लेयर म्हणून वापरायचा. चक्राची लेयर प्रीकॉम्प कर. तेव्हा दोन पर्याय येतील: सगळे गुणधर्म बाहेरच ठेवायचे की आत हलवायचे. तू आत हलव, म्हणजे फिरण्याच्या कीफ्रेम्स (कुठल्या क्षणी किती फिरायचं त्या खुणा) आत जातील. सावलीही त्यांच्यासोबत आत जाईल. तिला आत जाऊन कट कर आणि बाहेरच्या प्रीकॉम्पवर पेस्ट कर. आता फिरणं आधी, सावली नंतर. चक्र फिरत राहील आणि सावली एकाच दिशेला पडलेली राहील. लोक प्रीकॉम्पला पसारा आवरायचं कपाट समजतात. माझ्या लेखी त्याचं खरं काम हे आहे: ठरलेला क्रम मोडून आपल्याला हवा तो लावणं.

काळवंडण्याचं प्रकरण मला जास्त आवडतं, कारण ते निव्वळ गणित आहे. तू वरच्या फोटोची ओपॅसिटी (अपारदर्शकता) १०० वरून ० वर नेलीस आणि त्याच वेळी खालच्याची ० वरून १०० वर आणलीस. दिसायला चोख. पण मधल्या फ्रेमला दोन्ही ५० टक्क्यांवर आहेत. ५० आणि ५० मिळून १०० होतील, असं तू धरून चाललास. तसं होत नाही. खालचा फोटो निम्मी पार्श्वभूमी झाकतो, उरते ५० टक्के. वरचा त्या उरलेल्यातली निम्मी झाकतो, उरते २५. एकूण झाकलं गेलं ७५ टक्के, आणि बाकीच्या २५ टक्क्यांतून मागचं काळं डोकावतं. ही ‘ओव्हर’ नावाची क्रिया. थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी ती १९८४ साली नीट मांडली आणि आजही बहुतेक सगळी कंपोझिटिंग (चित्रांचे थर एकत्र करणारी) सॉफ्टवेअर्स तीच वापरतात. तेव्हा खालचा फोटो सरळ १०० वरच ठेव, फक्त वरचा विरू दे. (पूर्ण फ्रेम भरणाऱ्या फोटोंना हे चालतं. वेगवेगळ्या आकाराच्या दोन लोगोंना नाही चालणार, ते पुन्हा कधीतरी.)

पेरेंटिंगबद्दलही तुझा घोळ दिसतोय. पेरेंट जोडल्याने, म्हणजे एक लेयर दुसरीच्या मागे बांधल्याने, कोण वर, कोण खाली हे बदलत नाही. ते फक्त हालचालीचं नातं आहे. तू नलची (फक्त पेरेंट म्हणून वापरायच्या रिकाम्या लेयरची) ओपॅसिटी कमी करून सगळी अक्षरं एकदम विरवायला गेलायस. नल मुळात दिसतच नाही, आणि पेरेंटकडून जागा, आकार, फिरणं मिळतं, ओपॅसिटी मिळत नाही.

अ‍ॅडजस्टमेंट लेयर, म्हणजे स्वतः न दिसता फक्त इफेक्ट लावणारी लेयर, तिच्या खालच्या सगळ्यांवर लागते, वरच्यांवर नाही. एवढंच लक्षात ठेवायचं, तरी मी एकदा ती चुकून लोगोच्या वर सोडली होती आणि लोगोचा रंग बदललाय हे फायनल रेंडर दिल्यावर कळलं. ट्रॅक मॅटसाठी (एका लेयरच्या आकाराने दुसरी किती दिसायची ते ठरवणं) जुन्या व्हिडिओंत ‘मॅट लगेच वरच हवी’ असं ऐकशील. २०२३ च्या आवृत्तीपासून ती अट गेली, कुठलीही लेयर मॅट म्हणून निवडता येते. आणि थ्रीडी लेयर्समध्ये वर-खाली नाही, तर कॅमेऱ्यापासूनचं अंतर चालतं. मात्र मधे एक टूडी लेयर घुसली की थ्रीडीचे दोन वेगळे गट पडतात आणि एका गटाची सावली दुसऱ्यावर पडत नाही.

जमलं तर एखादा शॉट फ्यूजन या दुसऱ्या कंपोझिटिंग सॉफ्टवेअरमध्ये करून बघ. तिथे नोड्स (प्रत्येक क्रियेचा एकेक चौकोन) असतात आणि हा सगळा क्रम तारांनी जोडलेला उघड्यावर दिसतो. आफ्टर इफेक्ट्समध्ये तोच क्रम झाकलेला असतो, एवढाच फरक.

आता या आठवड्याचं काम. सगळ्या लेयर्सचे डोळे (लेयर दाखवायची-लपवायची बटणं) बंद कर. आकडे वरून खाली मोजलेले असतात, पण चित्र खालून वर रचलं जातं. तेव्हा ४७ पासून सुरू कर आणि एकेक डोळा उघडत १ कडे ये. प्रत्येक डोळा उघडण्याआधी काय बदलेल ते मोठ्याने बोल, मग क्लिक कर. चुकलास तर तिथेच थांब आणि का चुकलं ते शोध. ३१ नंबरला एक काळी सॉलिड (एकाच रंगाची सपाट लेयर) आहे. फ्रेमभर पसरलेली, पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत, ओपॅसिटी १००. तिच्या खालच्या १६ लेयर्सवर तू किती रात्री घालवल्यास, ते मला कळव.

तुझा,
दादा